सिस्टर, पायपेटी आणि माझी नाडी

लेखन हा माझा प्रांत नाही, आणि या वयात तो जिंकायला निघण्याचा माझा मानसही नव्हता. आयुष्यभर मी इतरांनी लिहिलेले तपासले. संस्कृतच्या आणि मराठीच्या वह्यांच्या समासात तांबड्या शाईने 'संदिग्ध', 'पाल्हाळ', 'पुन्हा लिहा' असे शेरे मारले. ते सारे शेरे आता माझ्याच कागदाभोवती फेर धरून उभे आहेत. त्यातून ज्यांच्याविषयी लिहायचे त्या माझ्या धर्माच्या नव्हत्या, नात्याच्या नव्हत्या. आणि शुश्रूषा व वाद्यसंगीत या ज्या त्यांच्या दोन विद्या, त्या दोहोंत मी निरक्षर आहे. तेव्हा ज्यांचा अधिकार माझ्याहून मोठा, त्या त्यांच्या चर्चच्या मंडळीतील लोकांची आणि त्यांच्या हाताखाली शिकलेल्या परिचारिकांची मी आधीच क्षमा मागते. त्यांच्यापैकी कोणी लिहायला बसले असते, तर मी आनंदाने शुद्धलेखन तपासून दिले असते. कोणी बसले नाही. म्हणून हे धाडस.

नगरमध्ये त्यांना त्यांच्या नावाने हाक मारणारे माझ्या माहितीत कोणी नव्हते. भाजीवाली, रिक्षावाले, चर्चचे पाळकसाहेब, सर्वांच्या त्या 'सिस्टर'. जन्म पारनेर तालुक्यातल्या एका कोरडवाहू गावात. शिक्षण शहरातल्या एका जुन्या मिशन इस्पितळात, आणि नोकरीही तिथेच, जवळजवळ चाळीस वर्षे. मधली काही वर्षे त्या राहात्याच्या बाजूला एका लहान दवाखान्यात होत्या. तिथून सायकलवर वस्त्यावस्त्यांना बाळंतपणे करायला जात. त्या वस्त्यांवरून निवृत्तीनंतरही दर हिवाळ्यात पेरूंच्या करंड्या येत, आणि सावेडीतल्या आमच्या गल्लीला आठवडाभर पेरूचा वास सुटे. लग्न का केले नाही, असे एकदा मी फार धीर करून विचारले होते. "ड्यूटी लागली होती," त्या म्हणाल्या. चेहरा इतका सरळ की तिथे हसायचे होते की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

दर रविवारी त्या चर्चमध्ये पायपेटी वाजवत. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. पायपेटी म्हणजे लहानशा कपाटासारखे उभे वाद्य. खाली दोन पावट्या असतात. त्या पायांनी आळीपाळीने दाबत राहायच्या, म्हणजे आतला भाता वाऱ्याने भरतो आणि दोन्ही हात वरच्या पट्ट्यांवर मोकळे राहतात. पाय थांबले की सूर थांबला. वाजवणारा वरून विद्वानासारखा दिसतो आणि खालून चढावर सायकल मारणाऱ्या माणसासारखा.

आमची ओळख झाली ती आईच्या पायामुळे. आईला मधुमेह होता, आणि घोट्याजवळची एक जखम काही केल्या भरत नव्हती. दोन घरे पलीकडे राहणाऱ्या सिस्टरांच्या कानावर ते गेले असावे. एके सकाळी सात वाजता त्या आपली पेटी घेऊन, म्हणजे औषधांची पेटी घेऊन, दारात उभ्या राहिल्या.

आई अंथरुणावरूनच म्हणाली, "अजून पूजा व्हायचीय आमच्याकडे."

"होऊ द्या की," सिस्टर म्हणाल्या. "मी काय देव्हाऱ्याला पट्टी बांधायला न्हाई आले. पाय दाखवा."

आईने पाय दाखवला. इतक्या कमी शब्दांत आईचा पराभव झालेला मी तोवर पाहिला नव्हता.

सिस्टर पट्टी करताना गात. मोठ्याने नव्हे, शेजारच्या खोलीत बाळ निजले असावे अशा बेताने. त्यांच्या उपासनेतली मराठी पदे, पुष्कळशी ओवी-अभंगाच्या वळणाची. गाणाऱ्याचा हात घाई करत नाही आणि ऐकणाऱ्याचा पाय आखडत नाही, असे त्यांचे शास्त्र होते. पहिल्या आठवड्यात जखम धुऊन, औषध लावून, पट्टी बांधून होईपर्यंत सात कडवी लागत. मग सहा लागू लागली. आई कडवी मोजू लागली. "आज पाचच झाली," ती मला सांगे, "भरत आलीय वाटतं." डॉक्टरांच्या अहवालापेक्षा तिचा या मोजणीवर अधिक विश्वास बसला. पुढे जखम इतकी भरली की तेव्हा घेतलेल्या नव्या पदाच्या दुसऱ्या कडव्यालाच पट्टी संपे आणि सिस्टर उठत. तेव्हा एक दिवस आईने त्यांचा पदर धरला.

"अहो, बसा. पाय बरा झाला, पण माझ्या जिवाला घोर लागलाय. ते हरवलेलं मेंढरू सापडलं का नाही शेवटी?"

सिस्टर खाली बसल्या आणि उरलेली पाच कडवी त्यांनी आईला बिनपट्टीची म्हणून दाखवली. मेंढरू सापडले. आईने समाधानाने मान हलवली आणि म्हणाली, "मग पहिल्या दिवशीच सांगायचं की."

आई पुढे तीन वर्षांनी गेली, ती वयाने. त्यानंतरही सिस्टर दर शुक्रवारी माझा रक्तदाब पाहायला येत राहिल्या, आणि मी दर रविवारी त्यांची काठी व गीतांचे पुस्तक घेऊन त्यांच्याबरोबर चर्चपर्यंत जाऊ लागले. आधी दारापर्यंत, मग शेवटच्या बाकापर्यंत. माझ्यासारख्या संकोची बाईला शेवटचा बाक मिळाला की कुठेही बसता येते.

तिथून मला त्यांची ती सवय दिसली. प्रत्येक गीताआधी सिस्टर डाव्या हाताची तीन बोटे स्वतःच्या उजव्या मनगटावर ठेवत. डोळे मिटत. चार वेळा मान डोलवत. मग हात पट्ट्यांवर जात आणि गीत सुरू होई. प्रथम मला वाटले, ही प्रार्थना असावी. नंतर त्यांनीच सांगितले: त्या नाडी पाहत. गीताची लय त्या नाडीवरून घेत.

"घड्याळ वॉर्डात," त्या म्हणाल्या. "गाण्याला घड्याळ कशाला? माझी नाडी बाहत्तर हाय. शिकाऊ होते तेव्हापासून बाहत्तर. आमच्या मेट्रन मॅडम नव्या पोरींना नाडी शिकवायला माझाच हात द्यायच्या."

आणि खरोखर, त्या लयीत मंडळी वर्षानुवर्षे सुखाने गात आली होती.

मग गाणी मंदावू लागली. एकदम नव्हे. दिवाळीनंतर थोडीशी, नाताळात बरीच, आणि उन्हाळ्यापर्यंत अशी की एका ओळीत दोनदा श्वास घ्यावा लागे. आनंदाची गीते मातीला, म्हणजे दफनाला, म्हणायच्या गीतांसारखी वाटू लागली, आणि मातीची गीते तर संपतच नसत. उपासना वीस-वीस मिनिटे लांबू लागली. रविवारी घरोघर मटण शिजत घातलेले असते. बायका तिसऱ्या कडव्याला घड्याळाकडे आणि पाचव्याला एकमेकींकडे पाहू लागल्या. एकदा माझ्या पुढच्या बाकावरचे गृहस्थ बायकोला म्हणाले, "हे गाणं सुरू झालं तेव्हा माझी दाढी केलेली होती." मी शेवटच्या बाकावर तोंडात पदर कोंबून बसले. हसूही येत होते आणि वाईटही वाटत होते, कारण सिस्टरांना काहीच कळत नव्हते. त्या प्रत्येक गीताआधी तितक्याच विश्वासाने नाडी पाहत आणि तितक्याच विश्वासाने सुरुवात करत.

नोव्हेंबरात चर्चच्या पंचमंडळाचे अध्यक्ष त्यांच्या घरी आले. मी तिथेच शेंगा सोलत बसले होते. अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले, सज्जन, सदैव इस्त्रीच्या कपड्यांतले गृहस्थ. त्यांनी बराच वेळ हवेविषयी सांगितले, मग आपल्या पुतणीविषयी. तिने कीबोर्ड घेतला होता. फार छान वाजवते, सगळ्या गाण्यांचा ठेका त्यात आधीच भरलेला असतो.

"अरे, सरळ बोल ना," सिस्टर म्हणाल्या. "तू जन्मलास तेव्हाबी असाच घोळत होतास. रडायचं सोडून इकडं तिकडं बघत होतास. माझ्या शिकाऊपणातलं पहिलं बाळंतपण ते. पाय धरून उलटा केला, पाठीत दोन घातल्या, तेव्हा तोंड उघडलंस."

"सिस्टर, बाईंसमोर तरी..."

"बाईंना काय, त्याबी जन्मल्यात."

अध्यक्षांनी मग तोंड उघडले. पंचमंडळाचे ठरले होते. आता सिस्टरांनी विश्रांती घ्यावी. नाताळच्या उपासनेला त्यांनी शेवटचे वाजवावे, तिथे शाल-श्रीफळ देऊन सत्कार होईल, आणि नव्या वर्षापासून कीबोर्ड.

ते गेल्यावर सिस्टर माझ्याशेजारी येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "बाई, इस्पितळानं रिटायर केलं तेव्हा मला काही वाटलं न्हाई. वाटलं, पेटी हाय." शेंगांच्या टरफलांत त्यांनी उगीच हात फिरवला. "पेटी न्हाई तर मग रविवारी मी कोन?"

मी आणखी मूठभर शेंगा पुढे ओढल्या.

त्या आठवड्यातला शुक्रवार मात्र मी विसरणार नाही. त्या दिवशी मीच त्यांच्या घरी गेले होते. त्यांनी नेहमीसारखी माझी नाडी पाहिली, परिचारिका छातीवर उलटे टाचतात तसल्या आपल्या घड्याळाकडे बघत. "अठ्ठ्याहत्तर. ठीक." आणि कोण जाणे कुठून, माझ्या तोंडून निघून गेले, "आणि तुमची?"

"माझी बाहत्तर."

"कधी मोजलीत?"

"बाई, सूर्य कुठं उगवतो ते रोज बघता का तुमी?"

पण मी हट्टाला पेटले. असे माझ्या हातून वर्षातून एकदा होते. मी त्यांचे मनगट धरले. ठोका सापडायलाच बराच वेळ लागला. मग मिनिटभर मोजले. अठ्ठेचाळीस.

"मास्तरीणबाईंना मोजता येत न्हाई," सिस्टर म्हणाल्या आणि स्वतः मोजू लागल्या. घड्याळाचा काटा एक फेरी फिरला. त्यांनी पुन्हा मोजले. चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेला भाव आला: वर्गात पहिल्यांदाच उत्तर चुकलेल्या हुशार मुलीचा.

"पन्नास," त्या हळूच म्हणाल्या.

मी घाबरले. डॉक्टरांना फोन करू का, म्हणाले. त्यांनी हाताने मला थांबवले. त्या फळीवरच्या आपल्या औषधांच्या डब्याकडे पाहत होत्या. मागल्या वर्षीच्या दिवाळीला हृदयाच्या डॉक्टरांनी एक गोळी सुरू केली होती, आणि ती वर्षभरात दोनदा वाढवली होती. हृदयाने सावकाश चालावे यासाठीच ती असते. हे त्या शंभर रुग्णांना समजावून सांगत आल्या होत्या. त्या हसू लागल्या. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग डोळ्यांतून पाणी आले.

"अहो बाई! गोळी मी घेतली आन् झोप सगळ्या मंडळीला आली!"

मीही हसले. आम्ही दोघी त्या पलंगावर एकमेकींच्या मनगटाला धरून इतक्या हसलो की पलीकडच्या वहिनी खिडकीशी येऊन विचारून गेल्या, काही झाले का म्हणून.

हसू ओसरल्यावर मी सुचवले की आता घड्याळ लावून वाजवावे. त्यांनी मान उडवली. घड्याळाला जीव नसतो. जिवंत मनगट पाहिजे. त्यांची नजर माझ्या हातावर गेली.

"तुमची अठ्ठ्याहत्तर हाय. एवढा फरक देव सांभाळून घेईल."

"पण सिस्टर, माझं मनगट तिथवर येणार कसं? मी शेवटच्या बाकावर असते."

"यायचंच हाय तुमाला. माझ्या गुडघ्यांना पावट्या आता झेपत न्हाईत. मी हातांनी वाजवते, तुमी पायांनी."

नोकरीत असताना एकदा सर्वांसमोर उभे राहून आभारप्रदर्शन करण्याची पाळी आली तेव्हा मी शाळेला रजा टाकली होती. पण त्या 'रविवारी मी कोन?' या प्रश्नाचे उत्तर मी अजून देणे लागत होते. मी हो म्हणाले.

डिसेंबरच्या दुपारी आम्ही रिकाम्या चर्चमध्ये सराव करू लागलो. बाकडे एकीपुरतेच होते. आम्ही निम्म्या निम्म्या बसलो. सिस्टरांनी माझ्या साडीचा घोळ दोन पिनांनी वर टाचला. मला शिवणयंत्र चालवता येते, असे मी मोठ्या आशेने सांगितले होते; पण यंत्राला दोन्ही पाय एकदम हलतात आणि इथे एक वर तर दुसरा खाली. पहिल्या दिवशी पेटीने म्हशीसारखा हंबरडा फोडला. दुसऱ्या दिवशी तिला उचकी लागली.

"सायकल मारा, बाई, सायकल."

"मला सायकल येत नाही, सिस्टर."

"न्हाई? मग काय शिकवलं तुमाला लहानपणी?"

"रघुवंश."

"त्यात सायकल न्हाई?"

तिसऱ्या आठवड्यात पेटी रडायची थांबली. माझ्या शांत मनगटावर लय घेऊन सिस्टरांनी नाताळची पाचही गीते वाजवली. रिकाम्या बाकांवरून परत येणारा तो सूर मी केला होता, निदान पायांपुरता. मला चक्क वाढदिवस असल्यासारखे वाटले.

फक्त एक गोष्ट आम्हा दोघींच्याही ध्यानात आली नाही. चाळीस वर्षे नाड्या पाहिलेली परिचारिका आणि चाळीस वर्षे मुलांच्या वह्यांतल्या चुका शोधलेली शिक्षिका, दोघींच्याही नाही. रिकाम्या चर्चमध्ये दुपारी माझी नाडी अठ्ठ्याहत्तर असेल. नाताळच्या सकाळी, भरलेल्या चर्चमध्ये, सर्वांसमोर ती किती असेल?

नाताळ उजाडला. ताऱ्यांच्या माळा, नव्या साड्या, बाहेर मंडपात करंज्या आणि केक. पंचमंडळ पहिल्या रांगेत; अध्यक्षांच्या मांडीवर घडीची शाल, नारळ आणि भाषणाचा कागद. मी बाकड्याच्या अर्ध्या भागावर बसले. पाचशे डोळे माझ्या टाचलेल्या साडीवर आहेत, अशी माझी खात्री झाली. पाळकसाहेबांनी पहिले गीत सांगितले. सिस्टरांनी तीन बोटे माझ्या मनगटावर ठेवली.

त्यांच्या भुवया वर गेल्या.

"सिस्टर," मी कुजबुजले, "जरा थांबता का? फार धडधडतंय."

"कळलं," त्या म्हणाल्या. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलले. चार वेळा मान डोलली, पण चिमणीने दाणे टिपावेत तशी. आणि त्यांनी सुरू केले.

मंडळी वर्षभराच्या सवयीने लांबलचक श्वास घेऊन तयार होती. तो श्वास पुरता घेऊन होईपर्यंत पहिली ओळ निघून गेली. दुसऱ्या ओळीला निम्म्यांनी गाठले, तिसरीला उरलेल्यांनी. धृपदापर्यंत सगळे एकत्र आले, तेही बस सुटताना पळत येऊन चढल्यासारखे. गीत संपले तेव्हा क्षणभर कोणी खालीच बसले नाही. सगळे एकमेकांकडे बघत होते.

खरी गंमत पुढेच होती. गीत जलद, म्हणून भाता जलद. भाता जलद, म्हणून मला दम. आणि दम लागला म्हणून नाडी आणखी जलद. दुसऱ्या गीताआधी सिस्टरांनी माझे मनगट धरले आणि प्रामाणिकपणे जे सापडले ते घेतले. दुसरे गीत पहिल्याहून वेगात गेले. पाळकसाहेबांनी येशूजन्माचे वाचन सुरू केले, तर तेही त्याच लयीत. मेंढपाळ कुरणातून बेथलेहेमपर्यंत धावतच आले. तिसऱ्या गीताला मागून टाळ्या सुरू झाल्या. बायकांनी झांजा काढल्या. त्या नाताळला नेहमीच आणत, पण गेल्या वर्षी वाजवायला जागा सापडली नव्हती. चौथ्या गीताला पहिल्या बाकावरच्या नव्वदीच्या आजी काठी सोडून उभ्या राहिल्या आणि हात हलवू लागल्या. मी खालून पावट्या मारत होते, कपाळावरून घाम नाकावर उतरत होता, एक पिन सुटली होती, आणि मला कसलीही लाज वाटत नव्हती. लाज वाटायला सवडच नव्हती.

पाचव्या गीताला आठ कडवी. हेच गीत आधीच्या वर्षी पाव तास चालले होते. सिस्टरांनी माझ्या मनगटावर बोटे ठेवली आणि त्यांना हसू फुटले.

"बाई, वॉर्डात असता तर डॉक्टरला बोलावलं असतं," त्या म्हणाल्या आणि हसतच पहिली पट्टी दाबली.

त्या हसत वाजवत होत्या, मी हसत भाता ओढत होते, आणि ते अरुंद बाकडे आमच्या हसण्याने गदगदत होते. मागे सारे चर्च गात होते की हसत होते हे वेगळे काढता आले नसते. अध्यक्ष मान मागे टाकून गात होते, आणि त्यांच्या मांडीवरचा नारळ केव्हाच घरंगळून पाळकसाहेबांच्या पायाशी गेला होता. शेवटचे 'आमेन' आम्ही असे गाठले की त्यानंतर पेटी क्षणभर धापा टाकत राहिली, आणि तिच्याबरोबर सगळेच.

अध्यक्ष उठले. शाल हातात, कागद हातात. "आदरणीय सिस्टर," त्यांनी वाचायला घेतले, "आजवर आपण... आपल्या दीर्घ... दीर्घ..." पुढे दम पुरला नाही.

"अरे, आधी श्वास घे," पहिल्या बाकावरून आजी म्हणाल्या. "आणि सिस्टर, अजून एक होऊ द्या!"

मागून पन्नास आवाज आले, "अजून एक! अजून एक!"

सिस्टर उठल्या. अध्यक्षांच्या हातून त्यांनी शाल घेतली, बोटांनी चाचपली. "लई मऊ हाय," त्या म्हणाल्या. मग तिची चार पदरी घडी केली, ती आमच्या बाकड्यावर पसरली, आणि तिच्यावर नीट बसल्या.

"बाकडं टोचत हुतं रे. बोला, कुठलं घेऊ?"

जो गलका झाला तो मंडपातल्या आचाऱ्यांनाही ऐकू गेला. अध्यक्ष हातातल्या कागदाकडे पाहत राहिले. विश्रांती, नवी पिढी, कीबोर्ड, सारे त्यावर सुवाच्य अक्षरांत होते. त्यांनी तो दुमडून खिशात ठेवला.

"कुठलंही घ्या, मावशी," ते म्हणाले, "पण जरा सावकाश. माझं बायपास झालेलं आहे."

त्यानंतर कीबोर्डचा विषय पंचमंडळात निघाला नाही. पुतणीला सणावाराला वाजवायला मिळू लागले, आणि तीही तेवढ्यावर खूश होती. दर रविवारी आम्ही दोघी त्या शालीवर बसू लागलो. हळूहळू मला माणसांची सवय झाली आणि लयही ठिकाणावर आली. तरी पाळकसाहेब उपासनेआधी मला गाठून विचारत, "बाई, आज तब्येत शांत आहे ना? प्रभुभोजनाचा विधी आहे, सावकाश व्हायला हवा." एकदा माझ्या भाचीच्या लग्नाच्या गडबडीतून मी थेट चर्चला गेले, तेव्हा त्या रविवारी मंडळी वेळेआधी घरी पोहोचली आणि कोणाचेच मटण करपले नाही, असे मला नंतर कौतुकाने सांगण्यात आले.

असे आमचे दोन वर्षांहून अधिक चालले. माझ्या आयुष्यातला सर्वांत खट्याळ काळ साठीनंतर आला, आणि तो मला चर्चच्या बाकड्यावर मिळाला. हे मी कोणाला सांगितले असते तर खरे वाटले नसते.

सिस्टर यंदाच्या फेब्रुवारीत गेल्या, त्यांच्याच इस्पितळात, त्यांच्याच जुन्या वॉर्डात. शेवटच्या आठवड्यातही नव्या परिचारिकांची परीक्षा चालू होती. एकीला चादरीचा कोपरा पुन्हा दुमडायला लावला. दुसरीला म्हणाल्या, "सुई टोचताना गप्प नको राहू, काहीतरी गुणगुण." ती बिचारी लाजून मोबाईलवरच्या जाहिरातीची धून गुणगुणली. सिस्टरांनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि चाल बरी आहे म्हणाल्या.

मी रोज संध्याकाळी जाई. एकदा त्यांनी माझ्या पायांकडे पाहिले. "पाय तयार झालेत तुमचे," त्या म्हणाल्या. "पेटी गप्प ठेवू नका, बाई. नुसते हातच शिकायचे राह्यलेत."

मी म्हटले, "सिस्टर, हे म्हणजे पोहायला आलंय, फक्त पाण्यात उतरायचं राहिलंय, असं झालं."

"मग उतरा की," त्या म्हणाल्या आणि झोपी गेल्या. दोन दिवसांनी गेल्या.

त्यांच्या मातीला शहर लोटले होते. राहात्याकडून जीप भरून माणसे आली होती. त्यांतल्या कितीतरी जणांना त्यांनीच पहिल्यांदा रडवले होते. गीते झाली, पण पेटीशिवाय. पुतणी नोकरीला पुण्यास गेली आहे, आणि पायपेटी वाजवणारे मंडळीत दुसरे कोणी नाही. मी शेवटच्या बाकावर उभी होते आणि माझे पाय आपोआप खालीवर होत होते.

त्यानंतर पंधरा दिवसांनी अध्यक्ष घरी आले. या वेळी हवेविषयी बोलले नाहीत. पंचमंडळाचे ठरले आहे, म्हणाले. बाकड्यावर बाईंनी बसावे. मी घाबरून म्हटले, मला वाजवता येत नाही, मी तुमच्यातली नाही, माझे वय झाले. त्यांनी सगळे ऐकून घेतले. "सिस्टरांनी सांगून ठेवलंय," ते म्हणाले. "त्यांच्यापुढं बोलायची माझी छाती नाही. जन्मापासून नाही."

तेव्हापासून मी शनिवारी दुपारी चर्चची किल्ली घेऊन जाते. पाय उत्तम चालतात. उजव्या हाताच्या एका बोटाने मेंढराच्या गीताचे पहिले कडवे निघते, वाटेत दोनदा अडखळून. डावा हात मांडीवर पाहुण्यासारखा बसून असतो. पुस्तकावरून शिकून पाहिले. इंटरनेटवरचे शिकवणारे माझ्यापेक्षा फार घाईत असतात. येत्या नाताळला पेटी पुन्हा वाजावी, अशी माझी इच्छा आहे, आणि बोलायला संकोच वाटला तरी ही इच्छा आता पुष्कळ मोठी झाली आहे. म्हणून, हे सारे वाचून होईपर्यंत आपण माझ्याजवळ बसलाच आहात, तर विचारते: नगरमध्ये किंवा आसपास, अगदी पहिल्या पट्टीपासून पायपेटी शिकवील, असे कोणी आपल्या ओळखीचे आहे का?